सांध्यावरचा ठिपका

गॅरेजमध्ये त्याला सगळे ‘ठिपके मिस्त्री’ म्हणायचे. राग आल्याचं तो दाखवायचा, पण मनातून खूश असायचा. नट आवळून झाला की बारीक कुंचल्याने त्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, ही त्याची तीस वर्षांची सवय. आणि ठिपका कुठेही नाही हं! नट आणि त्यातून वर आलेलं स्टडचं, म्हणजे आटे पाडलेल्या बिनडोक्याच्या दांडीचं तोंड, या दोघांच्या बरोबर सांध्यावर. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. नट केसभर जरी फिरला तरी ठिपक्याची दोन शकलं होणार आणि बघणाऱ्याला लांबूनच कळणार. गॅरेजमध्ये त्याला ‘ठिपका फुटला’ म्हणत.

धाकट्या भावाचा रंग पिवळा. ज्याने आवळलं त्याने आपला रंग लावायचा, दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही, हा नियम मिस्त्रीनेच घालून दिलेला. “रंग म्हणजे सही,” तो म्हणायचा. “दुसऱ्याची सही करणाऱ्याला काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.” धाकटा यावर हसायचा. सोळा वर्षं एकाच छपराखाली काम केलं दोघांनी.

तर गोष्ट आहे ताईच्या ट्रकची. ताई म्हणजे या दोघांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा धाकटा पाच वर्षांचा होता. त्याला भरवलं ताईने, न्हाऊ घातलं ताईने, शाळेच्या दारात रडत बसला तर कडेवर घेऊन वर्गात नेऊन बसवलं तेही ताईनेच. पुढे तिचा नवरा वारला तेव्हा ट्रक विकून टाक म्हणून सगळ्यांनी कान किटवले. ही बाई चालवायलाच बसली! पंधरा वर्षं दगडाच्या लाद्या भरून घाट चढत-उतरत होती, आणि गाडीला हात लावू द्यायची तो फक्त आपल्या भावांना.

त्या वर्षी तिच्या इंजिनाने छळ मांडला. हेडचा गॅस्केट सहा महिन्यांत दोनदा गेला. इंजिनाचा ब्लॉक खाली, हेड वर, आणि मध्ये हा पातळ गॅस्केट. हेड खाली दाबून धरायला सव्वीस बोल्ट. भरल्या गाडीने घाट चढताना आतला दाब वाढला की हेड नखाएवढं उचललं जायचं, गॅस्केट जळायचा, पाणी उकळून बाहेर. दुसऱ्या वेळी मिस्त्रीने जुने बोल्ट काढून टेबलावर ओळीने मांडले आणि पट्टीने मोजले. सगळे ताणले गेले होते.

“हे मेलेले आहेत,” तो म्हणाला. “बोल्ट एकदा ताणला की संपला. आता बोल्ट नकोच. स्टड घालू. चांगले.”

आणि मग सुरू झाली त्याची शोधाशोध. पाच दुकानं झाली. एका ठिकाणी स्टड चकचकीत होते, तर याने आट्यांवरून नख फिरवून परत ठेवले. म्हणे, आटे कापून काढलेत, दाबून काढलेले हवेत. दुसरीकडे लोखंड चांगलं, पण वॉशर पत्र्यासारखे. शेवटी एका जुन्या दुकानदाराने दूरच्या कारखान्यातून मागवून देतो म्हणून सांगितलं, आणि तीन आठवडे वाट पाहून सेट आला. जाडजूड, काळे, वरच्या तोंडात मधोमध षटकोनी खड्डा, चावी घालून बसवायला. त्यात एकाचा आटा वाहतुकीत चेपलेला निघाला. तो परत पाठवला, बदली आला तो निराळ्या घाण्यातला, जरा निळसर. पंचवीस काळे आणि एक निळा.

“अरे, स्वतःच्या लग्नाला एवढी चौकशी केली नव्हतीस,” ताई म्हणाली.

“लग्नात घाट चढायचा नव्हता.”

“थांब, हे तुझ्या बायकोच्या कानावर घालते!”

“घाल. तिलाही समजव मग. बोल्ट आवळताना पिळलाही जातो आणि ताणलाही जातो. स्टड तसा नाही. तो ब्लॉकमध्ये हाताने बसवायचा, जोर न लावता. मग तो गुमान उभा राहतो आणि वरचा नट त्याला सरळ ओढून धरतो. पिळवटणं नाही. सगळी ताकद हेड धरायला.”

“माझं हेड धरशील ना पण?” ताई हसली, पण विचारलं ते मनापासूनच. घाटात गाडी बंद पडून चार हात मागे घसरली होती, तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

“धरतो. माझ्या हाताने बसवतो. धाकट्यालाही हात लावू देत नाही.”

गुरुवारी त्याने काम काढलं. सव्वीसच्या सव्वीस भोकांत टॅप फिरवून आटे साफ केले, हवेचा फवारा मारला, फडकं पिळून काडीला गुंडाळलं आणि एकेक भोक कोरडं केलं. तळाशी थेंबभर तेल जरी राहिलं तरी स्टड पूर्ण बसत नाही आणि माणूस फसतो. मग नवा गॅस्केट, हेड, स्टड. सेटबरोबर आलेलं वंगण आट्यांना आणि नटाच्या बुडाला. निळा स्टड मागच्या कोपऱ्यात घातला, तिथे दाब कमी. आणि मग टॉर्क पाना. ठरवलेला जोर भरला की हा पाना ‘टक्’ वाजतो, की हात थांबवायचा. मधून सुरुवात करून बाहेर बाहेर जायचं, तीन फेऱ्या. अठ्ठावन्न वर्षांच्या खांद्याने शनिवार दुपारपर्यंत अठ्ठ्याहत्तर वेळा तो टक् काढला. शेवटी सव्वीस पांढरे ठिपके, सव्वीस सांध्यांवर. रविवारी तो घरी पडून राहिला. हात वर होईना.

“गाडी धुऊन ठेवतो रविवारी,” धाकटा म्हणाला होता. “ताईला सोमवारी झकास मिळाली पाहिजे.”

मिस्त्रीला भरून आलं होतं तेव्हा. काय सांगायचं!

बाराव्या दिवशी ताईची गाडी घाटाच्या चौथ्या वळणावर बंद पडली. गॅस्केट पुन्हा जळला. केबिन कलंडवून ती बघायला वाकली आणि तेवढ्यात पाण्याचा पाइप फुटला. उकळतं पाणी डाव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत. मिस्त्री त्या दिवशी सुटे भाग आणायला बाहेरगावी गेला होता. गेला धाकटा, हत्यारं घेऊन. संध्याकाळी परत आला तो खाली मान घालून.

“दादा, कसं सांगू तुला...”

“ताई कशी आहे?”

“हात भाजलाय. बरी होईल. गाडी मी बांधून दिली, साधे नवे बोल्ट घालून.” मग तो म्हणाला, “कव्हर उघडलं तेव्हा ताई बाजूलाच होती. तिनेही पाहिलं. तुझा एकही ठिपका फुटला नव्हता.”

मिस्त्रीला आधी बरं वाटलं. मग त्याचा अर्थ डोक्यात शिरला. ठिपका फुटला नाही, म्हणजे नट फिरला नाही. नट फिरला नाही आणि तरी हेड उचललं, म्हणजे मुळातच कमी आवळलं होतं. म्हणजे पाना वाजण्याआधीच हात थांबला होता. त्याच्याच ठिपक्यांनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

“पण मी प्रत्येक टक् ऐकला,” तो म्हणाला.

“ऐकलास?” धाकटा हळूच म्हणाला. “रागावू नकोस दादा, पण हल्ली तुला दोनदा हाक मारावी लागते. एकदा कान दाखवून घे.”

“आणि स्टड?”

“वाकले चार-दोन. तिथेच भंगारात टाकले. मला ते तुझ्यासमोर आणवेनात.”

बिचाऱ्या मिस्त्रीचं काय झालं म्हणता! माणूस उभ्या उभ्या खचला. कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, या वयात थोडं कमी व्हायचंच, आणि याने ‘थोडं’ सोडून तेवढंच ‘कमी’ धरून ठेवलं. घरी बसल्या बसल्या हातातलं घड्याळ आधी एका कानाला लावायचा, मग दुसऱ्या. बायको विचारायची काय करताय, तर म्हणायचा काही नाही. पंधरा दिवसांनी त्याने टॉर्क पाना फडक्याने पुसला आणि सगळ्यांदेखत धाकट्याच्या हातात दिला.

“यापुढे हेडची कामं तू करायची. मी ब्रेक, क्लच, पाटे बघेन.”

धाकट्याने पाना घेतला. नाही म्हणाला नाही.

दरम्यान धाकट्याचं बस्तान छान बसलं. अकरा गाड्यांचा एक मालक होता, कुणाकडे टिकत नसे. त्याची एक गाडी, इंजिन ताईच्यासारखंच, धाकट्याने ठणठणीत करून दिली म्हणे, आणि आता बाकीच्याही येऊ लागल्या. मालक चारचौघांत सांगायचा, असा मिस्त्री पाहिला नाही. धाकट्याचं कौतुक ऐकून ठिपके मिस्त्रीला खरंच आनंद व्हायचा. आपण मावळलो तरी हा उगवला, असं काहीतरी तो स्वतःला समजवायचा.

ताईकडे जायला मात्र त्याचे पाय जड झाले. भाजलेला हात बघायचा कसा? दीड महिन्याने एकदा सकाळी मनाचा हिय्या करून तो गेला. ताई ओट्यापाशी एका हाताने कणीक मळत होती. दुसरा हात अजून पट्टीत, बोटं लाल आणि ताणलेली.

“आलास? मला वाटलं, मलाच उचलून आणावं लागतंय तुला,” ती म्हणाली.

तो स्टुलावर बसला आणि जे बोलायचं घोकून आला होता ते बोलून टाकलं. “ताई, मी काम सोडतोय. पूर्ण. तुझा हात माझ्यामुळे गेला. मी शब्द दिला होता.”

“गप रे. हात गेलेला नाही, जागेवर आहे. नीट होतोय.”

“मला ऐकू येत नाही, ताई. टक् वाजला असं मला वाटलं, तो वाजलाच नव्हता.”

ताईने हात धुतला, पुसला आणि त्याच्यासमोर येऊन बसली. त्याचं तोंड बघून तिला गलबलून आलं असणार. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “हे बघ, मशीन आहे, कधी दगा देतं. तू काही हयगय केली नव्हतीस. मी स्वतः पाहिलं ना. हात पेटला होता नुसता, तरी वर चढून पाहिलं. तुझे ते पांढरे ठिपके असे टपोरे, प्रत्येकाच्या डोक्यावर बरोब्बर मधोमध. एक इकडे नाही, एक तिकडे नाही.”

“काय म्हणालीस?”

“टपोरे म्हटलं.”

“नाही. त्याच्यापुढे.”

“मधोमध.”

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. मधोमध? मधोमध तर खड्डा असतो. चावी घालायचा षटकोनी खड्डा. तिथे रंग टेकवला तर आत गळून जाईल, ठिपका दिसेलच कसा? आणि त्याने उभ्या आयुष्यात मधोमध ठिपका दिला नव्हता. मधोमध देऊन उपयोग काय? तो फुटणार कसा?

“ताई, डोक्यात खड्डा होता का? प्रत्येकाच्या?”

“खड्डा कसला? सपाट होते. तेवढ्यात धाकट्याने मला खाली उतरवलं. म्हणाला, आधी हात दाखवून ये, हे मी बघतो. का रे?”

“काही नाही,” तो म्हणाला. सपाट डोकं बोल्टचं असतं. आणि बोल्टच्या डोक्यावर मधोमध त्याचा नंबर ठोकलेला असतो. तो रंगाने झाकला की वरवर बघणाऱ्याला बोल्ट ओळखू येत नाही.

गॅरेजमध्ये पोचल्यावर तो आधी मागच्या फळीकडे गेला. ताईच्या गाडीचे मेलेले सव्वीस बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने एका पत्र्याच्या डब्यात भरले होते, वरून तारेने बांधून. तार तिथेच वेटोळं होऊन पडली होती. डबा रिकामा. हेड न उचलताही हे करता येतं, त्यानेच कधीतरी शिकवलं होतं: एक स्टड काढायचा, त्याच भोकात लगेच बोल्ट घालायचा, मग पुढचा. हेड जागचं हलत नाही, गॅस्केटला कळतही नाही. दिवसभराचं काम. रविवारचं.

अकरा गाड्यांच्या मालकाचा तो पहिला ट्रक त्या दिवशी क्लचच्या कामाला आलेला होता. धाकटा चहाला गेला होता. मिस्त्रीने केबिन कलंडवली, वरचं कव्हर सोडवलं आणि उचलून बाजूला ठेवलं. पंचवीस काळे. मागच्या कोपऱ्यात एक निळसर. ओळख पटवायला त्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

धाकटा आला तो हसतच आला. मग उघडं इंजिन दिसलं.

“दादा, क्लचचं काम आहे ते. वर कशाला उघडलंस?”

“हे कुणाचे?”

“कसले?”

“पंचवीस काळे आणि एक निळा. कुणाचे, विचारलं.”

धाकट्याने इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या गाडीवर काम करणारे दोघे लांब होते. “त्याला सोमवारी गाडी हवीच होती, दादा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “म्हणाला, ही एक चोख करून दे, बाकीच्या दहा तुझ्याकडेच. नवा सेट यायला तीन आठवडे. असा मालक परत आला असता का? ताई काय, आपलीच आहे. आपल्या माणसाकडे मागेपुढे चालतं. नवा सेट आला की एखाद्या रविवारी बदलून टाकणार होतो. कुणाला कळलंही नसतं.”

“आपली आहे म्हणून तिला मेलेले बोल्ट?”

“इतक्या लवकर जातील असं वाटलं नव्हतं रे!”

“आणि ठिपके? माझ्या रंगाचे?”

“तू कधी कव्हर उचलून डोकावलास, तर...”

मिस्त्रीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “स्टड घेतलेस, घे. भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, विसरलो असतो. पण माझे कान का घेतलेस रे? दीड महिना मी घड्याळ कानाला लावून बसतोय. तीस वर्षांचे हात मी तुझ्या स्वाधीन केले, आणि तू ते फडक्यात गुंडाळून घेतलेस. एकदाही म्हणाला नाहीस, दादा, ठेव तुझा पाना. केसाने गळा कापलास माझा.”

“मी घाबरलो होतो,” धाकटा म्हणाला. “ताईचा हात बघितला आणि घाबरलो. मग एकदा बोलून गेलो, ते मागे घेता येईना.”

“पाना दे.”

“दादा...”

“पाना दे इकडे.”

धाकट्याने भिंतीवरचा टॉर्क पाना काढून दिला. मिस्त्रीने जोर ठरवला, मधल्या नटावर पाना बसवला आणि खांदा दुखत असतानाही ओढला. टक्. कुठेच शंका नाही. पलीकडे कुणीतरी हातोडा चालवत होतं, तरी स्वच्छ ऐकू आला. दुसरा, टक्. तिसरा, टक्. सव्वीसच्या सव्वीस वाजले आणि एकही नट केसभर हलला नाही. वंगण जिथे हवं तिथे होतं. आणि प्रत्येक नटावर पिवळा ठिपका, अर्धा इकडे, अर्धा तिकडे, सांध्यावर, जसा शिकवला होता अगदी तसा. परक्या माणसासाठी त्याने जीव ओतून काम केलं होतं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तेच मिस्त्रीला सहन होईना. तो तसाच बंपरवर टेकला आणि त्याने दोन्ही डोळे मळक्या बाहीला पुसले.

“ताईला सांगू नकोस,” धाकटा म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. “तुझ्या पाया पडतो. तू काय वाटेल ती शिक्षा दे. अकरा गाड्या सोडतो. पण तिला नको. तिला नाही सहन व्हायचं.”

“मी नाही सांगणार,” मिस्त्री म्हणाला.

धाकट्याने सुटकेचा श्वास टाकला. तोवर मिस्त्रीने खिशातून फोन काढून नंबर लावलाही होता. पलीकडून ताईचा आवाज आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “ताई, धाकट्याला तुझ्याशी बोलायचंय,” आणि फोन त्याच्यापुढे धरला. धाकटा मान हलवत मागे सरकला. मिस्त्रीने हात खाली घेतला नाही. अखेर धाकट्याने तो घेतला, दोन्ही हातांनी, गरम भांडं घ्यावं तसा.

मिस्त्री चार पावलं लांब उभा होता. तेवढ्या अंतरावरूनही त्याला ताईचा शब्द न् शब्द ऐकू आला.

“कोण, धाकट्या? आज कशी काय रे आठवण झाली? जेवलास का?”